घरचं दूध

रुग्णालयातल्या आजच्या तपासण्यांच्या यादीत तिसऱ्या ओळीवर ‘दोरोता कुबालिकोवा, वय सात’ असं लिहिलेलं होतं. हे आडनाव मी रोज वाचते. आमच्या इमारतीच्या दाराशी घंटांची पाटी आहे, तिच्यात माझ्या नावाखाली तेच आहे, आणि दोन्ही हातांत पिशव्या असल्या की माझं कोपर नेमकं त्यांच्याच घंटेवर पडतं. मग पाटीच्या जाळीतून एक चिरका आवाज येतो, “झेल्का मावशी, पुन्हा तुम्हीच ना?” तो आवाज दोरकाचा, म्हणजे याच दोरोताचा. त्यामुळे यादी वाचताना मला आधी वाटलं की माझंच काहीतरी गडबडतंय, घरची पाटी डोळ्यांपुढे आली असेल. मग खालचा मजकूर वाचला. बारा दिवसांपूर्वी ताप, मग पाच दिवस ठणठणीत, मग पुन्हा ताप, उलट्या, गुंगी. कालपासून बोलत नाही. डावा हात थरथरतो. विषाणूमुळे मेंदूला सूज आल्याचा संशय. त्याच्याखाली वॉर्डातल्या नर्सनं भरलेले चौकोन. गोचीड चावली होती का? नाही. रानात गेली होती का? नाही. न उकळलेलं दूध किंवा त्याचं चीज? नाही. असले कागद मी नेहमीच शेवटपर्यंत वाचते, आणि प्रत्येक ‘नाही’ला मी मनात मान डोलावली. दुधाच्या ‘नाही’लासुद्धा.

मी डॉक्टर नाही. मी एमआरआयचं यंत्र चालवते, तेवीस वर्षं झाली. पण चौकस आहे, हे माझं सगळ्यांनी मान्य केलेलं व्यसन आहे. लहानपणी आमच्याकडे किसुत्सेच्या डोंगरात हिवाळ्यात डुक्कर कापायचे, तेव्हा इतर पोरं शेपटीसाठी भांडायची आणि मी मेंदूच्या ताटलीपाशी उभी राहायची. तो गरम, गुलाबी ऐवज आई अंड्यांबरोबर परतायला घ्यायची आणि मी तिचा हात धरायची. मला बघायचं असायचं की कालपर्यंत घुरघुरत होतं ते यात नेमकं कुठे होतं. “घुरघुर नाकात असते गं मूर्खे,” माझा धाकटा भाऊ वेंडेलीन म्हणायचा. परतलेल्या मेंदूचा पहिला घास त्याला मिळायचा, हुशार व्हावा म्हणून. तो काही झाला नाही. तेहेतीस वर्षं त्यानं बेअरिंगच्या कारखान्यात काढली, तिथून काढून टाकल्यावर मिळालेल्या पैशात शेळ्या घेतल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदाच माणूस सुखी दिसायला लागला. मी मात्र अजून त्या ताटलीपाशीच उभी आहे. आता कापावं लागत नाही, एवढाच फरक. माणूस आत झोपतो, यंत्र ठोकठोक करतं, आणि काचेच्या अलीकडे मला त्याचं डोकं पातळ पातळ कापांत उलगडून दिसतं. अजूनही मला कळलेलं नाही की त्यात काय कुठे असतं. दोरका तर हेच तोंडावर विचारायची. एकदा माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून म्हणाली होती, “मावशी, मला आत घातलं तर तुला दिसेल का, मी कुणाला शिव्या देतेय ते?” मी म्हटलं, “दिसेल की, आणि तुझ्या आईला सांगेन.” त्यावर ती इतकी गंभीर झाली की मला हसू आवरेना.

पावणेनऊला तिला आणलं. स्ट्रेचरच्या बाजूनं हेन्रिएता चालत होती, तिची आई, जिला जिन्यातले सगळे शेजारी हेनी म्हणतात. तिनं मला बघितलं आणि तिचा चेहरा एकदम सैल पडला. ओळखीचं माणूस दिसल्याचा तो सुटकेचा चेहरा मला आता आठवू नये असं वाटतं. “मावशी, तुम्ही आहात ना इथे. बरं झालं,” ती म्हणाली. मी तिला दाराशी उभं केलं, पोरीच्या अंगावर पिना, साखळ्या, धातूचं काही आहे का ते नेहमीसारखं विचारलं. दोरकाच्या कानांत बारशाच्या सोन्याच्या कुड्या होत्या, त्या काढताना तिच्या गालाला माझा हात लागला. तापलेला होता. डोळे अर्धे उघडे होते पण माझ्याकडे बघत नव्हते, माझ्या खांद्यावरून कुठेतरी पलीकडे होते. पोरं यंत्राला घाबरतात, त्यांना गोष्टी सांगून निजवण्यात माझा हातखंडा आहे. भूलतज्ज्ञ म्हणतो की मी त्याच्या पोटावर पाय देते. आज गोष्टीची गरजच नव्हती. त्यानं थोडंसं औषध दिलं, मी तिचं डोकं साच्यात बसवलं, कानांवर गाद्या दाबल्या आणि दार लावून घेतलं. हेनी बाहेरच्या बाकावर बसली. मागच्याच आठवड्यात जिन्यात भेटली तेव्हा ती म्हणाली होती, “फ्लू होता, आता बरी आहे, पण अशक्त झालीय.” मी म्हटलं होतं, “मग थांब.” वर जाऊन फ्रिजमधली बाटली आणून दिली होती.

चित्रं यायला लागली. एका प्रकारच्या चित्रांत पाणी पांढरं दिसतं आणि सूज म्हणजे बहुतेक पाणीच, म्हणून आम्ही सगळे त्या चित्रांची वाट बघतो. असल्या पोरांच्या डोक्यात बरेचदा काहीच दिसत नाही. पोरगं बेशुद्ध असतं, आई बाहेर रडत असते आणि चित्र इतकं स्वच्छ असतं की पुस्तकात छापावं. मला वाटलं, हिचंही तसंच असेल. कवटीच्या वरच्या बाजूनं काप खाली सरकत आले, घड्या, घड्यांमधल्या फटी, सगळं जिथल्या तिथे. मग मधोमध, जिथे थॅलॅमसच्या दोन जोडगाठी शेजारी शेजारी असतात आणि जिथून अंगभरातून येणारं सगळं पुढे पाठवलं जातं, तिथे उजवीकडे पांढरं आलं. पुढच्या कापात डावीकडेही. उजवीकडचं मोठं, कडा पुसट. मी पुढे झुकले. मला पहिल्यांदा काय वाटलं ते लपवत नाही. मला वाटलं, वा. तेवीस वर्षांत हे मी चार-पाच वेळाच बघितलंय, तेही मोठ्या माणसांत. उजवीकडचं मोठं म्हणजे डावा हात, हे बसतंय. बोलणं का गेलं मग? खाली लहान मेंदूत काही आहे का? मी आणखी पातळ कापांची एक फेरी लावली, जी कुणी मागितली नव्हती. यंत्र ठोकत होतं, काचेपलीकडे दोरकाचे दोन पाय रुग्णालयाच्या मोज्यांत दिसत होते, आणि मी दोन्ही बाजूंचे आकार जुळवून बघत होते. मला माझी लाज वाटायला हवी होती, पण ती फार उशिरा आली.

हे कशानं होतं हेही मला माहीत होतं. अनेक गोष्टींनी होतं, पण आमच्या भागात, मे महिन्यात, तापाच्या दोन लाटा, मध्ये पाच दिवस बरं, आणि मग हे, म्हणजे गोचिडीचा विषाणू. पण गोचीड चावलेलीच नाही. दोरका नदीकाठच्या सिमेंटच्या मैदानापलीकडे जात नाही, हेनी तिला गवतात बसू देत नाही, तिच्या कोपरांच्या खाचांत खाज येते म्हणून. तिच्या कोपरांची आठवण झाली आणि मी थांबले. ईस्टरपासून मीच त्या कोपरांसाठी दर शनिवारी माझ्या भावाकडून, वेंडोकडून, दुधाच्या दोन बाटल्या आणते. शेळीच्या दुधानं पोरांचं अंग सुधारतं, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, आणि तिचं सुधारलंही, खपल्या गेल्या, हेनीनं माझ्या गळ्यात हात टाकले होते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, “मावशी, उकळायचं ना?” आणि मी म्हटलं होतं, “वेडी आहेस का? उकळलंस तर त्यात उरणार काय? दुकानातलंच घे मग.” दोरकानं तिथेच उभ्यानं पेला तोंडाला लावला होता, वरच्या ओठावर पांढरी रेघ उमटली होती, आणि म्हणाली होती, “याला बकरीचा वास येतो. अजून दे.” शेळ्या चरतात, शेळ्यांना गोचिडी चावतात, विषाणू दुधात उतरतो, उकळलं की मरतो. दर वसंतात आमच्या पुढच्या दालनात याचंच पत्रक लावतात. ते चार चिकटपट्ट्यांनी भिंतीवर मीच लावते. पण पत्रकातलं दूध ते कुणाचं तरी दूध होतं, आणि वेंडोचं दूध ते घरचं. ही दोन दुधं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहत होती आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती. मघाशी तो चौकोन वाचतानासुद्धा पडली नाही. मला अजूनही याचंच नवल वाटतं, की एखादी गोष्ट पूर्ण माहीत असूनही माणसाला ती माहीत नसू शकते.

तपासणी संपली, दोरकाला बाहेर घेतलं. दाराशी हेनी उभीच होती. “मावशी, काय दिसलं?” आमच्या कामात याचं एकच उत्तर आहे, ते आम्ही पहिल्या महिन्यात शिकतो. यंत्र चालवणाऱ्यानं चेहरा कोरा ठेवायचा आणि म्हणायचं, डॉक्टर सांगतील. मी चेहरा कोरा ठेवला. “डॉक्टर सांगतील, हेनी.” तिनं मान हलवली. तिला खरंच वाटलं की मला काही कळलेलं नाही.

डॉक्टर ओरावेत्स साडेनऊला आले, नेहमीसारखे तोंडात पावाचा तुकडा घेऊन. त्यांची रीत अशी की चित्र बघेपर्यंत रोग्याबद्दल एक शब्द ऐकायचा नाही. म्हणतात, ऐकलं की डोळे ऐकलेलंच शोधतात. ते बसले, माऊसचं चाक फिरवत कापांतून खाली गेले, थांबले, वर आले. पाव चावायचं विसरले.

“काय गं, ही पातळ फेरी कुणी सांगितली?”

“कुणी नाही. मला वाटलं.”

“तुला वाटलं. चांगलं वाटलं.” ते पडद्याकडे झुकले. “दोन्ही थॅलॅमस. हे बघ, खाली लहान मेंदूतही थोडं आहे. हं. आता कागद वाच.”

मी वाचला. माझा आवाज मला सरळ वाटला.

“गोचीड नाही? दूध नाही?” ते म्हणाले. “आयांना काय, गोचीड केसात असते, दिसत नाही. रक्ताचं उद्या येईल. मी दोन-तीन विषाणूंची नावं लिहितो, त्यात गोचिडीचा पहिला. उपचार तसाही काय, आधार द्यायचा आणि थांबायचं.”

“पुसलं जातं का हे?”

“चित्रातलं? जातं बरेचदा. पोरीतलं जातं का, ते मला चित्रात दिसत नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाले, “तू पांढरी पडलीस. खाल्लंस का काही?”

त्या क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “खाते,” आणि ते पुढच्या रोग्याकडे वळले. मग मी स्वतःशी एक एक कारण मांडायला लागले, आणि प्रत्येक कारण ऐकायला अगदी शहाण्यासारखं होतं. रक्ताचं उद्या येणारच आहे. औषध बदलणार नाही. खात्री नसताना वेंडोचं नाव घेतलं तर पशुवैद्य येतील, दाराला कागद चिकटवतील, एकतीस शेळ्यांचं दूध गटारात जाईल, आणि तो पुन्हा त्या कारखान्यातून परतलेल्या माणसासारखा खुर्चीत बसून राहील. हेनी माझ्याशी बोलणार नाही. जिन्यातलं कुणीच बोलणार नाही. आणि कागदावर ‘नाही’ लिहिलेलंच आहे, तेही मी लिहिलेलं नाही. मी चौथा रोगी घेतला, पाचवा घेतला. पाचव्याचा गुडघा होता, गुडघ्यात मला कधीच रस वाटला नाही. त्या गुडघ्याच्या कापांतून मला दिसत होतं की वेंडो रोज संध्याकाळी फाटकाशी बाटल्या लावून ठेवतो, शेजारणी डब्यात युरो टाकून घेऊन जातात, आणि त्यातल्या निम्म्या नातवंडांसाठी नेतात. दोरकाला झालं ते झालं. पण आजची संध्याकाळ अजून व्हायची होती. हे इतकं साधं होतं की त्यापुढे माझी सगळी शहाणी कारणं मला स्वतःलाच ऐकवेनात. गुडघेवाल्याला उठवून मी दाराला ‘दहा मिनिटांत’ची पाटी लावली आणि डॉक्टरांच्या खोलीत जाऊन उभ्या उभ्या सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, “साडेनऊला माहीत होतं?” मी हो म्हटलं. त्यांनी फोन उचलून वॉर्ड मागितला, आणि माझ्याकडे पाठ केली.

हेनी वॉर्डाबाहेरच्या खिडकीत उभी होती, हातात तो कुड्यांचा जोड. मी तिला सरळ सांगितलं, कारण आडून सांगितलं असतं तर मला ते जमलंच नसतं.

“हेनी, दुधानं झालंय. वेंडोच्या. मी आणलेल्या.”

“पण त्यांनी मला विचारलं होतं. कच्चं दूध प्यायली का. मी नाही म्हटलं.”

“माहीत आहे.”

“मला वाटलं, कच्चं म्हणजे ते दुधाच्या यंत्रातलं. मॉलसमोर नाणं टाकून घेतात ते. तुमचं तर घरचं… उकळलं असतं तर?”

“तर काही झालं नसतं.”

“मी विचारलं होतं तुम्हाला.”

“हो. विचारलं होतंस.”

खाली आवारात रुग्णवाहिका मागे घेताना चीं चीं आवाज करत होती. मग तिनं विचारलं, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, खरोखर जाणून घ्यायचं होतं, “तुम्ही पण पिता ना तेच? मग तुम्हाला काही का नाही झालं?”

“मी लस घेतलीय.”

“गोचिडीची? रानात अळंबी वेचायला जाणारे घेतात ती?”

“तीच.”

“ती दुधालाही चालते?”

“चालते.”

ती हळूहळू खिडकीच्या कठड्यावर टेकली. मी लस दर पाच वर्षांनी घेते, तारीख फ्रिजवर लावून ठेवते. मी जगभराची चौकशी करते, दोरका कुणाला शिव्या देते तेही मला ठाऊक असतं, आणि तिला पेला भरून देताना हा एक प्रश्न मला सुचला नव्हता. हे मी मोठ्यानं बोलले की मनात, मला आठवत नाही. हेनी म्हणाली, “बाई, मला ते चित्र दाखवा.” आजवर तिनं मला बाई म्हटलं नव्हतं.

हे नियमात बसत नाही. मी तिला आत नेलं. पडद्यावर दोरकाचं डोकं आणलं, मधला काप. हेनीला वाटलं होतं की काहीतरी भयंकर दिसेल, फाटलेलं, काळं. तिनं इतकं नितळ चित्र बघून विचारलं, “हीच आहे का?” मी हो म्हटलं. तिनं बोट अगदी जवळ नेलं पण काचेला लावलं नाही. “हे पांढरं?” “हो.” “इथे काय असतं?” मी सांगितलं की अंगावरून, कानांवरून, सगळीकडून जे येतं ते इथून पुढे जातं. “म्हणजे मी बोलतेय ते तिथपर्यंत जातंय का?” तिनं विचारलं. सकाळपासून मीही हेच शोधत होते, आणि मी शोधत होते तेव्हा त्यात दोरका नव्हती, नुसता प्रश्न होता. मी म्हटलं, “मला दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. तू बोलत राहा.” ती म्हणाली, “बोलतेच आहे,” आणि मग त्याच आवाजात, “तुमच्या भावाला फोन लावा. इथे, माझ्यासमोर.”

वेंडोनं लगेच उचलला. मागे शेळ्यांच्या घंटा वाजत होत्या. “काय प्रोफेसरीणबाई, आज कुणाचं डोकं फोडलंत?” ही त्याची रोजची थट्टा.

“वेंडो, आज दूध कुणाला देऊ नकोस. कालचं फ्रिजमध्ये असेल तेही नाही. चीजही नाही.”

“का? फाटलं का तुझ्याकडे?”

“माझ्या खालच्या मजल्यावरची पोरगी आजारी पडलीय. त्यानं.”

“छे छे. आपण सगळे तेच पिऊन वाढलो. आईनं तुला तरी कधी उकळून दिलं?”

“वेंडो.”

“आधी नक्की तरी होऊ दे. उगाच माणसाच्या पोटावर…”

“नक्की आहे. मी पाहिलंय.”

हेनीनं हात पुढे केला आणि मी फोन तिला दिला. “नमस्कार. मी दोरकाची आई,” ती म्हणाली. त्यानंतर मला फक्त तिचंच ऐकू येत होतं. “सात. सप्टेंबरात दुसरीत जाईल… नाही, कालपासून बोलत नाही… डॉक्टर म्हणतात थांबायचं… हो, सगळ्यांना फोन करा, लहान मुलं असलेल्यांना आधी.” मग ती बराच वेळ नुसती ऐकत राहिली. पडद्यावर चित्र तसंच होतं, आणि ती ऐकता ऐकता त्याच्याकडेच बघत होती. शेवटी तिनं फोन मला परत दिला. तो अजून चालूच होता.

“रडतायत ते,” हेनी म्हणाली. “विचारत होते, पोरीला काय आवडतं, उद्या घेऊन येतो म्हणून.”

“मग काय सांगितलंस?”

“काय सांगणार? तिला तुमचं दूधच आवडतं.”